मोठ्या मिलिमीटरची पट्टी

प्रभू, अकरा दिवस झाले,
राजकोटचं पत्र माझ्या डब्याच्या पिशवीत आहे.
पगार दीडपट, राहायला दोन खोल्या,
तीस तारखेच्या आत कळवा.
रोज ते माझ्याबरोबर उद्यमनगरात येतं,
भाकरीच्या वाफेनं मऊ पडतं,
आणि रोज तुझ्या सहीवाचून घरी परत जातं.

रूथ म्हणाली, प्रार्थना करा.
करतोय.
पाळकसाहेब म्हणाले, मन शांत होईल तिकडं जा.
माझं मन रंकाळ्यावर भेळ खातानाही शांत होतं,
त्याचं काय धरायचं?
डोळे मिटून शास्त्र उघडलं, बोट टेकवलं.
कुणाच्या तरी वंशावळीवर पडलं.
सतरा नावं,
राजकोटचा एकही नाही.

मग लाजत लाजत
रात्री गच्चीवर टॉवेल पसरला.
जुन्या काळी एका भित्र्यानं लोकर पसरली होती
तेव्हा तू रागावला नव्हतास.
दवानं भिजला तर जायचं,
कोरडा राहिला तर थांबायचं.
पहाटे गेलो तर टॉवेलच नाही.
शेजारच्या आक्काताईंनी घडी घालून दारात ठेवलेला,
‘वाऱ्यानं पडला आसंल म्हटलं.’
वरची घडी दमट, आतली कोरडी.
पायरीवर बसून मी पोटभर हसलो.
तूही हसला असशील.

मी पॅटर्नमेकर. सागवानाला आकार देतो.
माझी पट्टी बाजारातल्या पट्टीसारखी नाही,
तिचा प्रत्येक मिलिमीटर किंचित मोठा,
कारण लोखंड थंड होताना आकसतं.
हवं त्याहून थोडं जास्त द्यावं,
तेव्हा हवं तेवढं हाती उरतं.
वीस वर्षं हे माझ्या बोटांना माहीत आहे.
गुडघ्यांना अजून नाही.

परवा मोल्डिंगकडचा अल्ताफ आला,
कानावर वाळू, हातात चुरगळलेली वही.
‘मास्तर, मला ड्रॉइंग वाचाय शिकवा की.
सांच्याला थांबतो मी.’
मी हो म्हणालो.
प्रार्थना न करता, टॉवेल न पसरता,
हातातला रंधा खाली ठेवायच्या आत.
दसरा चौकाच्या सिग्नलला ध्यानात आलं,
ह्याला शिकवायला चार महिने तरी लागतील.
सिग्नल सुटला. मागून हॉर्न.
माझा पाय जमिनीवरच.

आमची सुट्टी सोमवारी,
म्हणून रविवारी मी उपासनेला अर्धाच पोचतो.
शेवटच्या बाकापाशी उभा राहून
सगळ्यांबरोबर म्हणू लागलो.
‘तुझी इच्छा’ आलं की मी नेहमी घाई करतो,
पुढच्या ओळीत भाकरी असते.
ह्या वेळी तिथंच अडलो.
बाकीचे आमेनपर्यंत गेले.

सोमवारी राजकोटला कळवलं, येत नाही.
हे तुझंच म्हणणं होतं का,
मला अजून ठाऊक नाही.
घराचा हप्ता पाच तारखेला येतोच.
रूथ त्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूला
दुधाचा हिशोब मांडते,
काही बोलत नाही.
तेही मी ऐकतो.

आज अल्ताफला पॅटर्न काढायला दिला.
वाळू ठासून झाली की लाकूड आत ठेवून चालत नाही.
आधी चारी अंगांनी हलकं ठोक,
मग सरळ वर.
हात कापला तर कड ढासळते.
त्यानं श्वास धरून उचललं.
खाली काळ्या वाळूत
नुसती पोकळी,
पण तिला प्रत्येक कोपरा होता.

‘आता ह्यात तर कायच न्हाई, मास्तर.’

मी सांगायला तोंड उघडलं
आणि मला सांगता आलं नाही.
भट्टीकडून हाक आली, रस तयार आहे.
आम्ही दोघं बाजूला सरलो.